हाताने दिलेला श्वास

मालिनी धोपट आमच्या आरोग्य केंद्रात नर्स. पंचेचाळिशीची, अंगाने अगदी किरकोळ बाई. मी तिथल्या रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर. सहा वर्षं मी त्यांना पोरांना लस टोचताना, गोळ्या चुकवणाऱ्यांवर खेकसताना पाहत होतो. माणूस रोज दिसतो म्हणून कळलेला असतो असं नाही.

भातकापणीचे दिवस होते. हरिश्चंद्र नावाच्या शेतकऱ्याला सकाळी भारे उचलताना नाग चावला. घरच्यांनी वेळ न दवडता रिक्षात घालून त्याला आणलं. डॉक्टर अजिंक्यनी विषावरची औषधं लगेच सुरू केली. तरी तासाभरात त्याच्या पापण्या मिटल्या, जीभ जड झाली आणि मग छातीच हलेनाशी झाली.

"विष उतरेपर्यंत व्हेंटिलेटर हवा. चिपळूणला न्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले. पण आत एक बाई प्रसूतीत अडली होती. डॉक्टरांना हलता येईना.

मालिनीबाईंनी अंबू बॅग उचलली. रबरी फुग्यासारखी पिशवी ती. मास्क नाकातोंडावर घट्ट धरायचा आणि हाताने पिशवी दाबायची, की हवा छातीत जाते.

"मी जाते. संदेश, गाडी काढ."

रस्ता सव्वा तासाचा. मागे त्या, हरिश्चंद्र आणि त्याची बायको सावित्री. पिशवी दाबल्याचा आवाज मला पुढे ऐकू येत होता. मी नकळत त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागलो.

सावित्रीने हंबरडा फोडला. "गेले ओ माजे!"

"गेले नाहीत," बाई म्हणाल्या. "अंग लुळं पडलंय, कान चालू आहेत. सगळं ऐकतायत ते. असं बोलू नका." मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हरिश्चंद्रभाऊ, शृंगारतळी मागे पडली. मी श्वास देतेय. तुम्ही फक्त पडून राहा."

दर काही मिनिटांनी त्या त्याला रस्ता सांगत होत्या. वळण आलं, चढ आला, आता मार्गताम्हाणे. खड्ड्यात गाडी आदळली तरी आवाजाचा ठेका चुकला नाही. मार्गताम्हाण्याच्या पुढे मात्र त्यांचं बोलणं थांबलं. मी आरशात पाहिलं. त्यांची बोटं आखडून वाकडी झाली होती.

"वहिनी, इकडे या," त्या सावित्रीला म्हणाल्या. "मी मास्क दोन्ही हातांनी धरते. पिशवी तुम्ही दाबा. मी पाच मोजले की एकदा. घाई नाही करायची."

सावित्रीचं रडणं थांबलं. चार यत्ता शिकलेली, कधी इंजेक्शनकडेही धड न बघणारी ती बाई चिपळूण येईपर्यंत नवऱ्याच्या छातीत हवा भरत राहिली. मी कितीतरी माणसं त्या रस्त्याने नेली आहेत. असं काही पाहिलं नव्हतं.

इस्पितळात दोन दिवस हरिश्चंद्र व्हेंटिलेटरवर होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःचा श्वास घेतला.

पंधरवड्याने नवराबायको दोघं केंद्रात आली. लसीकरणाचा बुधवार होता, ओसरीत पोरांची रडारड चाललेली.

"बाई, मला समदा आयकू येत व्हता," हरिश्चंद्र म्हणाला. "डोळं उघडत नव्हतं, बोट हालत नव्हता. तुमी गावं सांगायच्या, तवा वाटायचा, चला, अजून हाय मी. येकदाच लय भ्यालो. तुमी बोलायचा थांबलात तवा."

मालिनीबाईंनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"तेव्हा मीही भ्याले होते," त्या म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी डॉक्टरांना सांगून वाडीवाडीच्या आशाताईंना बोलावलं आणि एका बाहुलीवर पिशवी दाबायला शिकवलं. किती मोजून दाबायचं, हात कसा ठेवायचा, हे दाखवायला सावित्रीला उभं केलं होतं. ती लाजत होती, पण मोजणी तिची एकदाही चुकली नाही.