थांबलो ना बाप्पा, इचारा

माईकच्या जाळीवर नखाने दोन टिचक्या, मग एक फुंकर, आणि मग, "आयकून घ्या बाप्पाऽऽ!" एवढं झालं की आमच्या गावातली भांडणंसुद्धा अर्ध्यावर थांबायची. नवरा-बायको म्हणायचे, आधी ते काय म्हणतात ऐकू, आपलं नंतर आहेच.

आमचं गाव यवतमाळहून नेरकडे जाताना लागतं. ना धड खेडं, ना धड शहर. एक चौक, चौकात पानठेला, ठेल्याला लागून माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. दुकानासमोर लिंबाखाली त्यांचा ऑटो उभा असायचा. वर दोन भोंगे, एकाचं तोंड पुढे, एकाचं मागे. गाव त्यांना भोंगेवाले म्हणायचं, मी भाऊ म्हणायचो, ते मला मिस्तरी म्हणायचे. त्यांचा अँप्लिफायर तर अर्धा जन्म माझ्याच टेबलावर होता.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. नळ येणार नाही, बैल हरवला, सर्कस आली, अमक्याची मयत इतक्या वाजता निघणार, हे सांगत फिरणारा. पण तुमचा सांगतो आणि निघून जातो. आमचे थांबायचे. कोणी दारातून नुसता हात वर केला की ऑटो कचकन उभा, माईक मांडीवर, आणि मान बाहेर काढून, "थांबलो ना बाप्पा, इचारा!"

एकदा बकरी हरवल्याची जाहिरात होती. एका गड्याने हात केला, विचारलं, शिंगं कशी होती? यांना ते माहीत नव्हतं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बकरीसारखीच. हे ऑटो वळवून बकरीच्या मालकिणीकडे गेले, विचारून आले, आणि त्या गड्याच्या दारात येऊन सांगितलं, "डाव्या बाजूचं मोडेल हाय." तोवर बकरी स्वतःच घरी पोचली होती, ते सांगायला पुन्हा एक फेरी.

वेशीजवळ एक आजी राहते, एकटीच. ऐकायला फार कमी येतं. शब्द कळत नाहीत, भोंग्याची घरघर तेवढी कळते. ती ओट्यावर बसलेली असायची आणि घरघर आली की हात वर. "काय म्हन्लं रे बाबू?" हे खाली उतरायचे, तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळी जाहिरात पुन्हा. सर्कशीची असली तरी. आजीला सर्कशीचं काय घेणं? पण वाघ किती, हत्ती आहे का, सगळं विचारून घ्यायची, आणि हे सांगायचे.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, कायले रोज घसा फोडता? मी पेनड्राइव्हमध्ये भरून देतो. तुम्ही फक्त गाडी चालवा."

तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. म्हणाले, "मिस्तरी, पेनड्राइव्हाले बकरीचे शिंगं इचारता येते काय?"

खर्रा हे त्यांचं एकमेव व्यसन. तंबाखू, सुपारी, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घासायचा, आणि उघडलेली पुडी आधी समोरच्याला. आमच्या भागात ती पुडी नाकारणं म्हणजे माणसाच्या दारातून पाणी न पिता उठणं. चौकात त्यांची पुडी उघडली की चार हात आपोआप पुढे यायचे.

मग ती बिमारी आली. पहिल्याच उन्हाळ्यात सगळं बंद, कापूस खरेदीही बंद. कापसाच्या भावाचं रडगाणं आमच्याकडे त्याच्या आधीपासून चालूच होतं, त्यात आता विकायचीही सोय नाही. घराघरात छताला टेकेल एवढा कापूस. झोपायला जागा नाही, आणि त्यातल्या किड्यांनी पोराबाळांची अंगं खाजवून लाल झालेली. अशात कुठल्याशा हापिसातून निरोप आला, उद्यापासून खरेदी सुरू, सांगून टाका. कुठलं हापिस ते मी सांगत नाही, आता सांगून काय उपयोग? भाऊंनी आजूबाजूची सगळी गावं पालथी घातली. एवढा आनंदाचा आवाज मी त्यांच्या भोंग्यातून कधी ऐकला नव्हता.

सकाळी फाटकापुढे बैलबंड्या आणि ट्रॅक्टरांची रांग, आणि फाटकाला कुलूप. हुकूम फिरला होता म्हणे. आम्ही दोघं तिथे पोचलो तेव्हा माणसं बंडीखालच्या सावलीत बसली होती. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एक म्हातारा शेतकरी नुसता त्यांच्याकडे बघून म्हणाला, "आमी काई कागद नाही पाह्यला गा. तुहा आवाज आयकून आलो."

दुसऱ्या दिवशी त्याच सगळ्या गावांतून पुन्हा ऑटो फिरला. "आयकून घ्या बाप्पा! कालची जाहिरात खोटी निघाली. पुसल्याबिगर सांगतली. चुकी माही."

मी चिडलो. म्हटलं, "भाऊ, हुकूम त्याईनं फिरवला. तुमची काय चुकी?"

"तोंड कोणाचं होतं मिस्तरी?"

पण गाव हो, गाव! चूक कबूल करणाऱ्याला गाव माफ करतं ही गोष्ट कोणीतरी मुलांना शिकवायला बनवली असावी. टिचक्या वाजल्या की आता दारातून आवाज यायचा, "आज खरं हाय, का परवासारखं?" आणि मग हशा. ते हसण्यावारी न्यायचे, पण थांबायचं म्हणून थांबायचे आणि कोणी काही विचारायचंच नाही. वेशीजवळची आजी तेवढी विचारायची.

तेव्हापासून एक खोड लागली. स्वतः विचारून खात्री केल्याशिवाय जाहिरात करायची नाही. मास्कची जाहिरात आली तेव्हा कागद घेऊन ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. "बाई, मास्कानं बिमारी थांबते काय? खरं सांगा." बाई खऱ्याच निघाल्या. म्हणाल्या, थांबत नाही हो काका, कमी होते, हळू पसरते. हळू पसरली तर सगळे एकदम आजारी पडत नाहीत, आणि पडेल त्याला खाट मिळते.

झालं. दुसऱ्या दिवशी चौकात भोंगा, "मास्कानं बिमारी थांबत नाही बाप्पा! कमी होते, हळू होते! हळू झाली तर खाट भेटते!"

दोन्हीकडून मार. जाहिरात देणारे साहेब ओरडले, लोकांना एक तर घाबरवा, नाहीतर खात्री द्या, हे मधलं कशाला सांगता? आणि ठेल्यावर किराणावाले शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले, "पाह्यलं! भोंगेवालाच म्हणते, थांबत नाही. मंग कायले आमचं दुकान बंद?"

निवृत्त गुरुजी मास्कच्या बाजूचे. त्यांनी बोट नाचवलं, "अहो, अर्धंच वाक्य काय ऐकता? पुढे हळू होते म्हणाले ना ते!"

"हळू-हळूनं पोट भरते काय गुरुजी? पेन्शन तुमाले हाय, मले नाही."

आता खोटं कशाला बोलू, शेठचंही सगळंच चूक नव्हतं. दुकान बंद असलेल्याचं दुःख मलाही ठाऊक होतं. असा रोज वाद. आणि वाद रंगात आला की भाऊ हळूच पुडी उघडायचे. मग काय? मास्क पाहिजे म्हणणाऱ्याचा मास्क हनुवटीवर, मास्क नको म्हणणाऱ्याला तर प्रश्नच नाही, आणि सगळ्यांची बोटं एकाच पुडीत. चिमूट गालात गेली की वाद पुढे चालू. मीही त्यातलाच. आम्ही तोंड झाकायचं की नाही यावर एवढं भांडलो, पण पुडीचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

त्यातच कोणीतरी मोबाइलवर त्यांना टिपलं. मास्क लावा म्हणून ओरडतायत आणि स्वतःचा मास्क गळ्यात. गावभर ते फिरलं. बिचारे माझ्याकडे आले, "मिस्तरी, मास्कातून आवाज साफ येईन असं काई कर." मी बटणं फिरवून फिरवून थकलो. बारीक सूर वाढवला की शिट्टी, जाड वाढवला की गुरगुर. शेवटी त्यांनीच आपल्या बायकोच्या जुन्या लुगड्याचा पातळ मास्क शिवून घेतला आणि त्यातूनच बोलायला लागले. अर्धं कोणाला कळेना, म्हणून घरोघरी थांबून सांगायचं. फेरी संपता संपेना. पण मला वाटतं, मनातून त्यांना ते आवडत होतं. लोक पुन्हा विचारायला लागले होते ना.

मग दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. घरटी माणसं खोकत होती आणि कोणालाच काही झालेलं नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं, टायफाईड. दारावर पाटी लागू नये, दूधवाला बंद होऊ नये, पोरीची सोयरीक मोडू नये म्हणून सगळं गाव टायफाईडने आजारी. अशात भाऊंना ताप भरला. दवाखान्यात तपासलं, निघाला.

वहिनींनी पुढे मला सांगितलं, दवाखान्याच्या दारातच त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता. "सारं गाव टायफाईड म्हणून राह्यलं. तुमी बी तेच म्हणा. काय बिघडते?"

"मी सांगतलेलं एक डाव खोटं निघालं," ते म्हणाले. "आता मी टायफाईड म्हनलं, अन् माह्या पुडीतला खर्रा खाऊन कोणी मेला तं?"

वहिनींना दुसऱ्या वाटेने घरी पाठवलं आणि ते ऑटोत एकटे बसले. मी दुकानात होतो. टिचक्या ऐकल्या, फुंकर मात्र ऐकली नाही. मास्क घट्ट बांधलेला होता.

"आयकून घ्या बाप्पा. हे जाहिरात माहीच हाय. मले कोरोना निघाला. दवाखान्यात तपासून आलो, खरं हाय. माह्या पुडीतला खर्रा ज्यानं ज्यानं खाल्ला, त्यानं आजच्या आज तपासून घ्या. मी कोणाचं नाव घेत नाही. तुमचं तुमाले मालूम."

मग ऑटो उभा केला, नेहमीसारखा. माईक मात्र मांडीवर ठेवला नाही, तोंडाशीच धरला. "थांबलो ना बाप्पा. इचारा."

दारं लागली. खिडक्या लागल्या. शेठचं शटर खाली आलं, त्याचा आवाज भोंग्यापेक्षा मोठा झाला. ते वाट बघत बसले. मी माझ्या दुकानातून हात वर केला, पण विचारायला काही सुचेना. त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि ऑटो वेशीकडे गेला. तिथे आजीचा हात वर. ती ओट्यावरून उतरायला लागली तेव्हा हे भोंग्यातून ओरडले, "मावशी, जवळ नको येऊ वं! आज दुरूनच!" तिला काय कळलं देव जाणे. ती परत बसली.

मी तपासून घेतलं, काही निघालं नाही. गुरुजींना निघाला. दोन दिवस उशीर झाला असता तर ते वाचले नसते असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. ठेलेवालाही वाचला. शेठ आठवडाभर म्हणत होते, "नाटकं करते, गावाचं नाव खराब केलं," आणि मग तेही गुपचूप जाऊन तपासून आले. तेही आज आहेत, दुकानात बसतात.

भाऊंच्या घरी मात्र कोणी दूध घालेना. ज्यांनी आपलं लपवलं त्यांनीच यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. मी दारापर्यंत भाजी ठेवून यायचो, एवढंच. मग दम लागायला लागला. गाडी करून यवतमाळला नेलं. हळू झाली तर खाट भेटते, हे त्यांचंच वाक्य. हळू झाली नव्हती. इकडून तिकडे फिरता फिरता शेवटी एक खाट मिळाली, तेव्हा तिचा फारसा उपयोग राहिला नव्हता.

तिकडेच सगळं झालं. गावाला कळलं ते मोबाइलवर, हात जोडलेल्या चित्रांतून. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, साऱ्या गावाच्या मयती यायनं सांगतल्या. यायची कोणीच नाही सांगतली." भोंगा होता, अँप्लिफायर होता, तो तर माझ्याच टेबलावर होता. आवाज कुठून आणणार?

ऑटो अजून लिंबाखाली आहे. एका भोंग्यात साळुंकीने घर केलंय. आता सूचना सांगायला कचऱ्याची गाडी येते. तिच्यात एका बाईचा गोड, शहरी आवाज भरलेला आहे. तोच मजकूर, तीच चाल, रोज. चालवणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "मले काय मालूम भौ, आपण फक्त बटन दाबतो."

परवा वेशीकडे एका घरचा पंखा बसवायला गेलो होतो. भोंगा घरघरत कचऱ्याची गाडी चालली होती. ओट्यावरच्या आजीने हात वर केला. गाडी गेली निघून. आजीचा हात तसाच वर. मला बघून तिने बोलावलं. मी जवळ गेलो.

"त्या भोंगेवाल्याले सांगजो रे," ती म्हणाली, "काही चुकलं असंन तं माफ कर म्हणा. आताशा मी हात करतो अन् थो थांबतच नाही."