वीज आधी की हिरो आधी

मित्रांनो, आज दुपारी गुढियारी वस्तीत निखिलच्या घरी गेलो होतो. आपल्या मांगा, म्हंजे जपानी कॉमिक्सच्या ग्रुपवर माझ्याशी रोज भांडणारा निखिल रविवारी गेला. किडनीचा आजार होता. मले माहीतच नव्हतं.

महिन्याभरापूर्वी आमचं वाजलं. एका लढाईत हिरो विजेचा वार चुकवते. मी म्हटलं, त्याचा वेग विजेइतका आहे. निखिल म्हणे, "वीज पडायच्या आधीच तो हलला आहे, चित्र नीट पाह्य." अन् सगळ्यांसमोर माझी खिल्ली उडवली. मी रागात त्याले ब्लॉक केलं.

आज त्याच्या बहिणीनं दार उघडलं. नाव सांगितल्यावर म्हणाली, "भैया, तुम्हीच का ते? दादा डायलिसिसले जाताना दरवेळी विचारे, त्यानं ब्लॉक काढला का? मी म्हणायची, माफी मागून टाक. तर म्हणे, हसलो त्याची मागीन, हिरोच्या वादाची नाही मागणार."

ती हसली अन् हसता हसता रडली.

मी तिथंच बसून ब्लॉक काढला. निखिलचा मोबाईल तिच्या हातात होता. त्यात माझं चॅट उघडून म्हणाली, "भैया, तुमचा फोटो दिसून राहिला आता."

तुम्ही काय बोलले असते?