कोरडी पावडर

दुधाची पावडर पाण्यावाचून लेकराला कशी पाजायची, सांगाल का मला?

ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळात मी मुलांसाठीच्या एका संस्थेचं काम करत होतो. जिल्हा नुकताच झालेल्या लातुरात पिंपभर दूध कालवलं, मुलं पोटभर प्यायली. मग मुखेडकडच्या एका खेड्यात, बौद्ध वस्तीवर पावडरचे डबे नेले. टँकरचं पाणी विहिरीत सोडलं होतं, पण वस्तीतल्या बायकांना कडेला थांबवलेलं.

"आधी गावाचं भरू द्या," एक म्हातारा ओरडला.

"मग आमी कोन्या गावचे, मामा?" एका आईनं विचारलं. तिच्या कडेवरचं लेकरू कोरडी पावडर चाटून खोकत होतं.

तिची पाळी आली तेव्हा पोहऱ्यात नुसता गाळ आला.

डबे पाठवणाऱ्यांनो, पुढच्या खेपेला टँकरबरोबर तुम्हीही या. या बायकांशेजारी उभे राहा आणि त्यांची घागर भरेपर्यंत हलू नका.