किल्ली काढल्यावर

गॅरेजमध्ये कुणी मुद्दाम ठेवत नाही, तरी डबाभर जुने नट जमतातच. किश्श्यांचंही तसंच, राव! नव्वदच्या सुमारास आळेफाट्याला आमचं गॅरेज होतं. हसायचे किस्से ढीगभर आहेत. पण त्या विलायती टू-सीटर मोटारीचा किस्सा सांगायला बसलो की अजून हाताला घाम सुटतो. मी काय शूर माणूस नाय, आधीच सांगतो!

*

गाडी लोणीच्या आप्पांची. धरणाच्या कामावरचा इंग्रज साहेब मायदेशी जाताना ती आप्पांच्या वडिलांना, म्हणजे नानांना, देऊन गेला. नानांना वेगाचा लई शौक! तळेघरच्या अलीकडं, घाट उतरताना एका वळणावर गाडी खाली गेली. नाना गेले. शेजारच्या डाव्या सीटवर बसलेला लहानगा आप्पा वाचला. गाडी ओढून आणली ती गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांखाली पडून राहिली.

केस पिकल्यावर आप्पांनी ती ट्रॉलीत घालून आमच्याकडं आणली. आमचे वस्ताद, म्हणजे गॅरेजचे मोठे मिस्त्री, म्हणाले, "आप्पा, भंगारात घाला की!"

"एकदा तो घाट नीट उतरायचाय. मग घाला कुठंबी!"

*

आमचा एकही पाना तिच्या नटाला बसेना. वस्तादांनी कानशीनं घासून घासून पाने बसवले. शेवटी इंजिन जागेवर आलं, आणि पहिल्यांदा किल्ली फिरवली. सीटच्या मागून आवाज आला: टक टक टक. कुणीतरी बोटानं वाजवावं तसा!

गॅरेजचा पेंटर ब्रशसकट हायवेपर्यंत पळाला. मीही त्याच्या मागं!

वस्ताद पोट धरून हसले. "अरे येड्यांनो, करंटवरचा पेट्रोल पंप हाय तो! किल्ली फिरवली की वाजणार, काढली की गप." त्यांनी किल्ली काढली. खरंच गप! तेव्हापासून नियमच झाला, गाडी थांबली की किल्ली काढायची.

बघायला आलेले आप्पा तेवढे हसले नाहीत. "नाना निघायच्या आधी डिकीवर असंच बोट वाजवायचे," म्हणाले.

*

गाडी तयार झाली, पूजा मांडली. आप्पा डाव्या सीटवर बसलेले. उजवीकडं ते कधी बसतच नसत. चाकांखाली लिंबं ठेवायची, तर पुढच्या चाकाखाली जागा नाही. वस्तादांनी तिथला अडसराचा दगड काढला आणि लिंबू ठेवलं! हँडब्रेक ओढायचं कुणाच्या ध्यानात नाही. लिंबू चिरडून गाडी निघाली की उतारानं हायवेकडं! समोरून ट्रकचा हॉर्न. आप्पा तोंड उघडं ठेवून नुसते बघतायत. मी धावत जाऊन आत हात घातला आणि हँडब्रेक ओढला.

"अहो आप्पा, ओरडायचं तरी!"

आप्पा म्हणाले, "आवाजच फुटत नाय रे. त्या दिवशीबी 'नाना, सावकाश' एवढंच म्हणायचं व्हतं. न्हाई निघालं तोंडातनं."

*

मग तो घाट. आप्पा म्हणाले, "आज मी चालवतो." ब्रेक मी बांधलेले, म्हणून शेजारी बसायला मलाच पाठवलं. वस्तादांचा न्याय! सगळ्या उतारावर मी देवाचं नाव घेत होतो. ते वळण आलं, आप्पांनी पाय दाबला, ब्रेक धरला आणि गाडी कडेला थांबली! मला रडूच यायचं बाकी होतं.

नियमाप्रमाणं मी किल्ली काढली आणि नारळ घेऊन उतरलो. कडेच्या दगडावर नारळ फोडला.

मागून आवाज आला. टक टक टक.

मी मूठ उघडून पाहिली. किल्ली माझ्याच हातात होती.

वळून बघतो तर आप्पा सरकून डाव्या सीटवर बसलेले. उजव्या रिकाम्या सीटकडं बघत होते. आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणाले, "नाना, सावकाश."