शकूअक्काचा सपाट डोंगर

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या घरात शकूअक्का माझी थोरली जाऊ. माहेर कात्रजचं, नोकरी हडपसरच्या शाळेत क्लार्कची, आणि निवृत्त होताच या बाईनं काय करावं? चिनी शाईचित्रांचा क्लास लावला! बस बदलत पेठेत जाते, जुन्या चिनी चित्रकारांचे डोंगर गिरवते आणि घरी भाजी चिरतानाही हवेत कुंचला फिरवते. मला आधी वैताग यायचा. आता मीच विचारते, आज कुठला डोंगर म्हणून.

क्लासचे श्यामसुंदर सर कडक. ज्याचं चित्र गिरवायचं तो आपला गुरू, आणि गुरूचा हात आपल्या हातात मुरल्याशिवाय स्वतःचं काही काढायचं नाही, हा त्यांचा नियम. अक्काचं एकाच ठिकाणी अडायचं. चीनचे उंच सुळके हिच्या हातून वर जाता जाता माहेरच्या कात्रजच्या डोंगरासारखे सपाट व्हायचे.

"शकूबाई, कात्रजची बस चीनला जात नाही," सर म्हणायचे. वर्ग हसायचा आणि अक्का घरी येऊन कागद फाडायची.

यंदाच्या प्रदर्शनात तिला चित्र लावायचंच होतं. निवड रविवारी. शनिवारी दुपारी सुळका पुन्हा सपाट झाला आणि माझंच डोकं फिरलं.

"अक्का, मग कात्रजच काढ की! त्या चिनी बाबानं तरी काय केलं असंल? दारातनं दिसला तोच डोंगर काढला असंल!"

अक्कानं फाडायला उचललेला कागद खाली ठेवला. मग पदर खोचला आणि सुटलीच! कोरड्या कुंचल्यानं ओढलेला कातळ चिनी रीतीचा, धुक्यासाठी कागद कोरा सोडलेला, आणि माथा आमच्या कात्रजचा, ऐसपैस सपाट. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

रविवारी मी मुद्दाम सोबत गेले. सरांनी चित्र हातात घेऊन सपाट माथ्यावरून बोट फिरवलं.

"नियम मोडलात," सर म्हणाले.

"व्हय, मोडला," अक्का म्हणाली.

सरांनी चित्र भिंतीला टेकवलं. कोरा कागद पसरला, शाई घोटली आणि अक्काचाच डोंगर समोर ठेवून गिरवायला बसले! सगळा वर्ग भोवती गोळा झाला. पहिलाच माथा टोकदार झाला, तसे सर स्वतःवरच चिडले.

"शकूबाई, इकडे या. हा सपाट कसा करता, दाखवा जरा."