पट्टीवरची एक रेघ

आर्णीच्या दवाखान्यात एक सिस्टर आहे. तिचं नाव विचारायची मला लाज वाटते. ती लहानथोर सगळ्यांना "बाप्पा" म्हणते आणि समोरच्याकडे न बघता टेबल पुसत बोलते, म्हणून माझ्यासारखीलाही तिच्याशी बोलता येतं.

माझा धाकटा भाऊ नशेची पावडर घेतो. तिच्यात जीवघेणी भेसळ आहे का, हे सिस्टर चिमूटभर पावडर पाण्यात विरघळवून, त्यात पट्टी बुडवून बघते. परवा पट्टीवर एकच रेघ आली. दिवस राहिले का ते बघायच्या पट्टीवर एक रेघ म्हणजे काही नाही, एवढं मला ठाऊक.

"काही नाही रे, चाल घरी," मी भावाला म्हटलं. त्यानं पुडी उचलली.

सिस्टरनं मान वर करून त्याचं मनगटच धरलं. "थांब बाप्पा! ह्या पट्टीचं उलटं असते. एक रेघ म्हणजे भेसळ हाय. अन् दोन आल्या असत्या, तरी ते काही दूध नव्हतं."

"मंग मी मेलो असतो काय?"

"मेला असता."

भाऊ खाली बसला. पुडी त्यानं स्वतःच तिच्याकडे सरकवली. "सिस्टर, हे सुटायचं औषध भेटते काय इथं?"

"भेटते ना. तू कवा इचारतं, याचीच वाट पाहून राह्यली होती मी."