काटा ऐंशीला अडतो: आमच्या टॅक्सीनं दिल्ली ते भानगढ

पिवळ्या नंबरप्लेटची गाडी घेऊन सहलीला कोण जातं? आम्ही गेलो. आमचे हे फौजेत चोवीस वर्षं ट्रक चालवून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि द्वारकेतल्या आमच्या घराखाली नवी कोरी सीएनजी टॅक्सी उभी राहिली. टॅक्सीला कारखान्यातूनच वेगाची मर्यादा घालून देतात. ताशी ऐंशी किलोमीटर, वर एक रेघही नाही. स्टँडवरच्या मंडळींनी यांना पहिल्याच दिवशी सल्ला दिला, "भाईसाहब, इसको खुलवा लो. सवारी रोएगी." मानेसरच्या बाजूला एक मेकॅनिक ही मर्यादा गुपचूप काढून देतो म्हणे.

यांनी साफ नकार दिला. मी मात्र स्टँडवाल्यांच्या बाजूची. मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, दिवसभर नियम पाळून घरी येईपर्यंत माझी नियमांची हौस फिटलेली असते. शिवाय इतकी वर्षं नाव कमावलेल्या माणसाला लोकांनी 'स्लो' म्हणावं, हे मला सहन होईना. शेवटी तोडगा निघाला. दोन दिवस आपणच सवारी, म्हणजे प्रवासी व्हायचं. मी आणि आमची लेक ईश्वरी ऐंशीला कंटाळलो, तर सोमवारी गाडी मेकॅनिककडे.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. सीएनजी आदल्या दिवशीच भरून ठेवा, सकाळची रांग अंत पाहते. डिकीत सिलिंडर असल्यामुळे सामान कमी घ्या, नाहीतर आमच्यासारखी पिशवी मांडीवर येईल. मानेसरला कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी, पुढे धारूहेडा, मग भिवाडीचे खड्डे आणि धूळ. तिजाऱ्याच्या अलीकडे रस्ता सुधारला आणि आमची परीक्षा सुरू झाली.

"पप्पा, यार, ती छोटीशी गाडीपण आपल्याला क्रॉस करून गेली!" ईश्वरी दिल्लीत वाढलेली, तिचं मराठी असंच.

"जाऊ दे. तिला घाई असेल."

"अहो, दाबा की जरा!" मी म्हणाले.

"दाबलंय. बघ, पाय तळाला टेकलाय." गाडी जैसे थे. काटा ऐंशीवर खिळलेला.

पराठ्यांच्या ढाब्यावर (तिघांची पोटं तीनशेत भरली) यांनी समजावून सांगितलं. पूर्वी पायाखाली तार असायची, जितकं दाबाल तितकी इंजिनातली हवेची झडप उघडायची. आता पाय फक्त अर्ज करतो, मंजुरी गाडीतला कॉम्प्युटर देतो. चाकं किती फिरतात ते त्याला कळत असतं. ऐंशी झाले की अर्ज नामंजूर. आमच्या जुन्या खासगी गाडीत ऐंशीला नुसतं टुंग वाजतं, एकशेवीसला सतत कटकट होते, पण ती अडवत नाही. ही अडवते. अर्ज-मंजुरीची भाषा माझ्या ओळखीची, त्यामुळे लगेच कळलं. पटलं मात्र नाही.

अलवरला हॉटेलात सामान टाकून दुपारी सिलीसेढच्या तलावावर गेलो. वरच्या चढावर मी स्टिअरिंग मागून घेतलं. बारा वर्षं रिंगरोडवर गाडी चालवतेय, माझ्या ड्रायव्हिंगला नावं ठेवायची कोणाची टाप नाही. पहिल्या गिअरमध्ये जोर लावला, इंजिनाचे फेरे दाखवणारा दुसरा काटा लाल पट्ट्यात गेला आणि इंजिन अडखळायला लागलं. मला वाटलं, गाडी बिघडली.

"काही झालं नाही. गिअर बदल," हे म्हणाले. "हा वेगळा पहारेकरी. इंजिन प्रमाणाबाहेर फिरायला लागलं की हा क्षणभर इंधन तोडतो, मग देतो, परत तोडतो. म्हणून ती उचकी. हा इंजिनाचा जीव वाचवतो, ऐंशीवाला आपला." मग सवयीप्रमाणे बजावलंच, "पण दोघांच्या भरवशावर झोपू नकोस. जोरात असताना चुकून खालचा गिअर टाकलास, तर चाकंच इंजिनाला ओढून फिरवतात, तिथं इंधन तोडून उपयोग नाही. आणि उतारावर गाडी ऐंशीच्या पुढे घरंगळेल. हा काही ब्रेक मारत नाही."

तलाव सुंदर आहे. पण मला खरं सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

रविवारी सरिस्कामार्गे भानगढला निघालो. थानागाजीच्या पुढे रस्ता दुपदरी, म्हणजे एक गाडी जाणारी, एक येणारी. मध्ये दुभाजक नाही. स्टिअरिंगवर पुन्हा मी. पुढे संगमरवराचे ठोकळे लादलेला ट्रक. किती वेळ त्याची धूळ खायची? समोर मोकळं दिसलं, मी गाडी बाहेर काढली आणि ट्रकच्या बरोबरीला आले. तेवढ्यात हलकासा उतार लागला आणि ट्रकनं वेग धरला. मी पाय दाबला. काटा ऐंशी. आणखी दाबला. ऐंशी. समोरच्या वळणावरून माणसांनी भरलेली जीप आली.

"पाय काढ," शेजारून आवाज आला. एरवी भाजी वाढ म्हणतात तसाच. "ब्रेक. ट्रकच्या मागे ये. हां."

मी मागे आले. जीप हॉर्न वाजवत निघून गेली, आतल्या बायकांचे चेहरे मला दिसले. पुढे झाडाखाली गाडी लावली, आणि माणूस घाबरला की रागावतो तशी मी रागावले. "हाच तो तुमचा ऐंशीवाला! वेळेवर गाडी पळाली असती तर?"

"तर तू शंभरनं जीपसमोर असतीस," हे म्हणाले. "आणि तुझंही खरं आहे. ऐंशीला अडणारी गाडी घाईनं बाहेर काढली तर हीच गाडी माणूस मारेल. ते आधी डोक्यात मोजायचं असतं. पहाडात आमचा ताफा सगळ्यात हळू ट्रकच्या वेगानं चालायचा. चोवीस वर्षांत माझ्या मागं बसलेल्या एकाही जवानाच्या घरी माझ्यामुळं तार गेली नाही. स्टँडवाल्यांना हे काय सांगू?"

त्यांनी हे आजवर मलाही सांगितलं नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि मी या माणसाला लोक 'स्लो' म्हणतील याची लाज वाटून घेत होते. मला रडू आलं. ईश्वरीनं मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

मग हे चालवायला बसले. तोच ट्रक पुन्हा गाठला. तीनेक किलोमीटर त्याच्या मागे, चांगलं अंतर राखून. लांबच लांब सरळ रस्ता लागला, ट्रक चढाला मंदावला, तेव्हा एकदा हॉर्न देऊन आम्ही ऐंशीच्या आतच त्याच्या पुढे निघालो. ट्रकवाल्यानं हात वर केला. मी असं सुरेख ओव्हरटेक आयुष्यात पाहिलं नाही, आणि हे मी बायको म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून सांगतेय.

भानगढच्या पडक्या किल्ल्यातले भग्न बाजार सावकाश पाहा, पाणी सोबत न्या, सूर्यास्तानंतर आत थांबू देत नाहीत. परतताना दौशाजवळून एक्सप्रेसवे धरला. एकशेवीसनं जाणाऱ्या गाड्या उजवीकडून सुसाट जात होत्या. आम्ही डावीकडे, ऐंशीला, शेंगदाणे खात. ईश्वरी गाढ झोपली होती. एरवी ती गाडीत झोपत नाही, तिला उलटी होते.

सोमवारी गाडी मेकॅनिककडे गेली नाही. सकाळी पहिला फोन आला, जयपूरसाठी. हे म्हणाले, "पाँच-साढ़े पाँच घंटे लगेंगे. गाड़ी अस्सी से ऊपर नहीं जाती." पलीकडून फोन ठेवला गेला. हे शांतपणे चहा प्यायला लागले. मी फोन माझ्याकडे ओढून घेतला.

दुसरा फोन मी उचलला. कोणी बाई आग्र्याला जायचं म्हणत होत्या. त्या पुढं बोलायच्या आधीच मी छाती काढून सांगितलं, "पहले सुन लीजिए, गाड़ी अस्सी से ऊपर नहीं जाती. और चलानेवाले चौबीस साल फ़ौज में थे, वो भी नहीं जाते."

मग बाईंनी विचारलं, "तो फिर सुबह कितने बजे निकलना पड़ेगा?"